आधी चारा, मग रोप: कोरड्या पट्ट्यातले उजाड जंगल गावाने परत कसे आणावे

मृगाच्या तोंडावर खड्डे खोदायचे, आषाढात रोपे लावायची, फलकासह छायाचित्र काढायचे आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांत पुन्हा रोपे लावायची, हा क्रम मराठवाडा, अहिल्यानगर, सोलापूर आणि पश्चिम विदर्भातल्या गावांना नवा नाही. रोप पाण्यावाचून मेले असे आपण सहज म्हणतो, परंतु ते शेळीच्या तोंडी गेलेले असते, फाल्गुनातल्या वणव्यात होरपळलेले असते, किंवा ज्या कुटुंबाची चराई त्या जागेवर चालत होती त्या कुटुंबाला विचारले नाही म्हणून उपटले गेलेले असते. म्हणून या लेखात रोपे लावण्याचे काम जवळजवळ शेवटी येते. त्याआधी जमीन, जनावरे, सरपण, नियम, जुनी खोडे आणि ओल यांचा हिशेब लागलेला असला पाहिजे. साधारण ५०० ते ९०० मिलिमीटर पावसाच्या, मुरमाड उताराच्या आणि पानझडी किंवा काटेरी वनाच्या गावांना समोर ठेवून हे मार्गदर्शन लिहिले आहे.

जमीन कोणाची आणि ती मुळात जंगल होती का

कामाला हात घालण्यापूर्वी तलाठ्याकडून गावनकाशा आणि सातबारा घ्यावा, वनरक्षकाकडून कक्षनकाशा, म्हणजे वनखात्याने जंगलाच्या पाडलेल्या विभागांचा नकाशा घ्यावा, आणि दोन्ही कागद हातात धरून, गावातले जुने गुराखी बरोबर घेऊन संपूर्ण शिवार पायी फिरावे. गायरान, राखीव वन, संरक्षित वन आणि खाजगी पडीक या जमिनी डोळ्यांना एकसारख्या दिसतात, पण त्यांवर निर्णय घेण्याचा अधिकार वेगवेगळ्या हातांत असतो. विदर्भात झुडपी जंगल अशी नोंद असलेल्या जमिनी वनजमिनीच होत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला असल्यामुळे तेथे महसूल खात्याच्या तोंडी परवानगीवर विसंबून काम सुरू करू नये.

वनजमिनीवर गावाचा हक्क मिळवण्याचा सर्वांत भक्कम मार्ग २००६ च्या वनहक्क कायद्याचा आहे. या कायद्याच्या कलम ३(१)(झ) नुसार, म्हणजे इंग्रजी मसुद्यातील उपकलम आय नुसार, गाव परंपरेने राखत आलेल्या सामूहिक वनसंसाधनाचे संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला मिळतो. दावा ग्रामसभेची वनहक्क समिती तयार करते, आणि तो उपविभागीय समितीमार्फत जिल्हास्तरीय समितीकडे जातो. निस्तारपत्रक (गावाच्या चराई, सरपण वगैरे वहिवाटींची सरकारी नोंद), जुन्या चराई पावत्या, ज्येष्ठांचे जबाब, देवराई, पाणवठे आणि गुरांच्या वाटा यांच्या खुणा हे सगळे पुराव्यात धरता येते. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर हा हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागत असल्यामुळे दुष्काळी पट्ट्यातल्या अनेक गावांचे दावे अडतात. अशा गावांनी वनखाते आणि गाव यांच्या भागीदारीतल्या संयुक्त वनव्यवस्थापन समितीच्या चौकटीत काम करावे, मात्र गवत, फळे आणि लाकूड यांत गावाचा वाटा किती हे सुरुवातीलाच कागदावर आणावे.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. ओसाड दिसणारी प्रत्येक जागा बिघडलेले जंगल नसते. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरासारखी माळराने हीच मुळात एक संपन्न निसर्गव्यवस्था आहे. माळढोक, तणमोर, काळवीट, लांडगा आणि खोकड यांना मोकळे गवत लागते, आणि गिरिपुष्पासारखी बाहेरची झाडे दाट लावली की त्यांचा अधिवास आक्रसतो. पायी फिरताना पळस, धावडा, तेंदू, सालई, मोई, अंजन यांची छाटलेली खोडे आणि झुडपाएवढे राहिलेले फुटवे जागोजागी सापडले, डोंगराच्या त्या अंगाला झाडांवरून पडलेली नावे असली, आणि म्हाताऱ्यांना तिथली सावली आठवत असली, तर ते जंगल होते. खोडे मुळीच नाहीत, उथळ मुरमावर नुसते पवन्या आणि कुसळी गवत आहे, आणि आजोबांच्या आठवणीतही ते माळच आहे, तर तेथे चराईची पाळी बांधून द्यावी आणि झाडे लावू नयेत. वृक्षारोपणाचे उद्दिष्ट पुरे करण्यासाठी माळ खणणे हे मला तरी नुकसानीचे काम वाटते.

जनावरांची शिरगणती आणि मोळीचे वजन

या टप्प्यावर घाई करणारे गाव पुढे हमखास अडखळते, म्हणून येथे थोडे रेंगाळणे भाग आहे. घरोघर जाऊन गुरे आणि शेळ्या मोजाव्यात, आणि कोणाच्या किती हेही लिहून ठेवावे. साधारण अडीचशे किलो वजनाच्या गावरान गाईला दिवसाला सहा किलो कोरडा चारा लागतो, आणि शेळीला किलोभर. समजा, गावात ७० गुरे आणि २५० शेळ्या आहेत. रोजची गरज ६७० किलो होते आणि वर्षाची सुमारे २४५ टन. शेतातून ज्वारी-बाजरीचा मिळून १५० टन कडबा निघतो. गावाचे पडीक वन १५० हेक्टर आहे आणि सतत चरल्या जाणाऱ्या अशा जमिनीवर हेक्टरी जेमतेम अर्धा टन गवत उरते, म्हणजे ७५ टन. गाव आजच २० टनांनी तुटीत आहे, आणि ही तूट झाडांचे कोवळे शेंडे भरून काढत आहेत.

आता यातले ५० हेक्टर बंद केले आणि तेथे पहिल्या वर्षी कापून हेक्टरी एक टन गवत मिळाले, तर बंद भागातून ५० टन, उघड्या १०० हेक्टरांतून ५० टन आणि कडबा १५० टन मिळून २५० टन होतात. हिशेब जेमतेम जुळतो. पण पाऊस फसून कडबा निम्म्यावर आला, तर गवत तेवढेच धरूनही ७० टनांची तूट पडते, आणि कुऱ्हाडबंदी-चराईबंदीचे ठराव मोडतात ते नेमके अशा वर्षी. म्हणून चांगल्या वर्षी कापलेल्या गवताच्या गंजी राखून ठेवणे, आणि दुष्काळात कोणता भाग, कोणत्या महिन्यापासून, किती दिवस उघडायचा हे आधीच ठरवून ठेवणे, हा नियमाचाच भाग असला पाहिजे. शिवाय हा हिशेब गुरांना लागू पडतो. शेळी पाला आणि शेंगा खाते, ती कापलेल्या गवतावर जगत नाही. त्यामुळे शेळीवाल्यांसाठी बाभूळ, बोर आणि हिवर असलेला उघडा भाग राखावाच लागतो.

सरपणाचेही तसेच आहे. पाच-सहा घरांतल्या मोळ्या आठवडाभर ताणकाट्यावर तोलाव्यात. गॅस आला असला तरी आंघोळीचे पाणी आणि भाकरी बहुतेक ठिकाणी चुलीवरच होते. घरामागे रोज पाच किलो धरले, तर ८० घरांना वर्षाला १४६ टन लाकूड लागते. बांधावरची बाभूळ, तुरीच्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्या यांतून किती भागते ते वजा करावे. उरलेला आकडा आपले जंगल रोज किती सोसते ते सांगतो, आणि सुधारित चूल किंवा सौर बंब कोणत्या घरात आधी द्यायचा तेही त्यावरून ठरते.

नियम: ज्याचे नुकसान होणार तो बैठकीत असावा

हिवरे बाजारने १९८९ नंतर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वीकारली, धुळे जिल्ह्यातील बारीपाड्याने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून सुमारे साडेचारशे हेक्टर जंगल राखले, आणि ही नावे प्रत्येक प्रशिक्षणात घेतली जातात. त्यांचे ठराव नकलून घेतल्याने काही साधत नाही, कारण ठरावामागे कोणाची किती अडचण सोसली गेली हे कागदावर उतरत नाही. भूमिहीन शेळीपालक, मोळी विकणाऱ्या बायका आणि हंगामी येणारे धनगर या तिघांचे काय होणार, या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय बंदीचा ठराव मांडू नये.

उत्तरे असतात. एकूण क्षेत्राचे तीन तुकडे पाडून एका वेळी एकच बंद करावा. पहिल्या वर्षाच्या मजुरीत, चर खोदण्यापासून राखणीपर्यंत, शेळीपालक आणि मोळीवाल्या कुटुंबांना अग्रक्रम द्यावा. बंद भागातले गवत कापून नेण्याचा हक्क विळ्यामागे शुल्क घेऊन सर्वांना द्यावा, आणि ज्यांच्याकडे जनावर नाही त्यांना आपला वाटा विकण्याची मोकळीक असावी. धनगरांची जुनी वाट आणि पाणवठा बंद तुकड्यात येत असेल, तर तुकड्याची सीमा सरकवावी. त्यांच्या मुखियाला बोलावून तारखा ठरवल्या तर तेच पुढे अनोळखी कळपांना आवरतात.

राखणीसाठी पगारी माणूस ठेवता येतो, परंतु पैसे संपले की राखण संपते. ओडिशात अनेक गावांनी काठीची पाळी चालवली. आज ज्याच्या दारात काठी ठेवली त्याने जंगलात फेरी मारायची, आणि संध्याकाळी ती पुढच्या दारात नेऊन ठेवायची. आपल्याकडेही ही रीत सहज रुजते. दंड लहान असावा, पण तो सरपंचाच्या भावालाही लागू व्हावा, आणि वसूल झालेली रक्कम ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावी.

मेलेले दिसणारे खोड जिवंत असते

आता प्रत्यक्ष वनाचे काम. शिवारात आठ-दहा ठिकाणी १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद चौकटी दोरीने आखाव्यात आणि प्रत्येकीत जिवंत खोडे, मुळांतून आलेले फुटवे आणि आपोआप उगवलेली रोपे मोजावीत. एका चौकटीत सरासरी चार-पाच निघाली, तर हेक्टरी चारशे-पाचशे झाडे जमिनीखाली तयारच आहेत आणि तेथे रोपवाटिकेतून काही आणण्याची गरज नाही. या मुळांना अनेक वर्षांचा विस्तार असतो, ती खोलवरची ओल ओढतात, आणि म्हणूनच त्यांचा फुटवा संरक्षण मिळाल्यावर एका पावसाळ्यात जी उंची गाठतो ती लावलेल्या रोपाला तीन-चार वर्षांत गाठता येत नाही. पश्चिम आफ्रिकेतील नायजर देशात १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ टोनी रिनॉडो यांनी मराडी भागातल्या शेतकऱ्यांबरोबर हीच पद्धत रुजवली, आणि पुढच्या वीसेक वर्षांत तेथे सुमारे ५० लाख हेक्टर शेतजमिनीवर झाडे परत आली, तीही बहुतांशी शेजाऱ्याचे पाहून शेजाऱ्याने केलेल्या कामातून.

पद्धत अशी. पानगळ झाल्यावर, माघ ते चैत्र या काळात, बुंध्यावरचे जुने वाळके खोड जमिनीलगत तिरके कापावे, म्हणजे त्यावर पाणी साचून कुजणार नाही. एका बुंध्यातून दहा-पंधरा फुटवे आलेले असतात. त्यांतले सरळ, जाड आणि शक्यतो जमिनीच्या पातळीवरून निघालेले तीन ते पाच ठेवून बाकीचे काढावेत. ठेवलेल्या फुटव्यांच्या खालच्या अर्ध्या उंचीपर्यंतच्या फांद्या धारदार कोयत्याने खालून वर छाटाव्यात. वरून घाव घातला तर साल सोलपटते आणि तेथून कीड शिरते. कापलेल्या काटेरी फांद्या तेथेच बुंध्याभोवती रचून टाकाव्यात, कारण एवढे कुंपण पहिल्या हंगामाला पुरते. पुढच्या वर्षी दोन-तीन फुटवे ठेवावेत. इमारती लाकूड हवे असेल तर तिसऱ्या वर्षी एकावर यावे, आणि सरपण व पाला हवा असेल तर दोन-तीन कायम ठेवावेत. विरळणीतून निघालेले लाकूड मोजून वाटले की सरपणाचा काही भाग पहिल्याच वर्षी भागतो, आणि मोळीवालीला हे काम आपले वाटू लागते.

पळसाला जनावर फारसे तोंड लावत नाही, त्यामुळे तो सर्वांत आधी उभा राहतो आणि त्याच्या आडोशाला इतर रोपे येतात. तो निरुपयोगी म्हणून काढण्याची चूक करू नये. तेंदू मुळांतून भरपूर फुटतो. सालई आणि मोई यांच्या मनगटाएवढ्या जाड फांद्या उन्हाळ्याच्या अखेरीस रोवल्या तर जगतात, म्हणून त्या जिवंत कुंपणाला उत्तम. घाणेरी मात्र मुळासकट काढावी, पावसाळ्यात जमीन मऊ असताना, आणि काढलेल्या जागी त्याच आठवड्यात गवताचे बी टाकावे, नाहीतर ती दुप्पट होऊन परतते.

ओल धरणे

माथ्यापासून पायथ्याकडे हा क्रम मोडू नये. आधी ओघळींत अनगड दगडांचे बांध, मग उतारावर समतल चर, म्हणजे एकाच उंचीच्या रेषेवर खोदलेले आडवे चर. समपातळी ए-चौकटीने (इंग्रजी ए अक्षराच्या आकाराची, ओळंबा लावलेली लाकडी चौकट) किंवा पाण्याच्या नळीने आखावी, नजरेने नाही. चर थोडा जरी तिरका गेला तरी पाणी एका टोकाला धावते आणि नवी ओघळ तयार होते. सलग चर खोदताना जुनी मुळे तुटतात, म्हणून जेथे खोडे आहेत तेथे चार-चार मीटरचे तुटक चर घ्यावेत आणि खोडाच्या जागी खंड ठेवावा. जेसीबी आणू नये, कारण तो मुळे पाहत नाही आणि मजुरीही गावाबाहेर नेतो.

चरांकडून किती अपेक्षा ठेवावी तेही समजून घेतलेले बरे. चार मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चरात ७२० लिटर पाणी मावते. हेक्टरी २५० चर खोदले, तर एका भरणीत १८० घनमीटर पाणी थांबते, म्हणजे त्या हेक्टरवर पडलेला १८ मिलिमीटर पाऊस. मोठ्या सरीत यापेक्षा कितीतरी जास्त पाणी येते. ते थोपवते आणि मुरवते गवत. चर केवळ पहिली दोन-तीन वर्षे गवताला उभे राहण्याची संधी देतो. म्हणून चराच्या भरावावर पहिल्या पावसातच मारवेल, पवन्या आणि डोंगरी गवताचे बी शेणमातीत कालवून टाकावे.

गवत फुलोऱ्यात असताना, आश्विनाच्या सुमारास कापले तर चारा पौष्टिक मिळतो. दाणे गळल्यावर कापलेले गवत म्हणजे काड्या. तरीही पाचवा-सहावा हिस्सा बियांसाठी उभा ठेवावा आणि तो दरवर्षी बदलावा. गवत वाढले की वणव्याचा धोकाही वाढतो. माघ सरण्याच्या आत तीन-चार मीटर रुंदीच्या जाळरेषा साफ कराव्यात, आणि मोहफुले वेचण्यासाठी झाडाखाली आग लावण्याऐवजी जाळी किंवा जुन्या साड्या अंथरण्याची सवय लावावी.

रोपे लावायचीच असतील तर

चौकटींच्या मोजणीत ज्या जागा रिकाम्या निघाल्या तेथेच रोपे लावावीत. खड्डे ४५ सेंटिमीटर घनाचे, वैशाखात खोदून तापू द्यावेत. पहिल्या सरीला लावू नये. जमीन वीतभर ओली झाल्यावर, पाऊस स्थिरावल्यावर, सव्वा-दीड वर्षाचे कणखर रोप लावावे. मोहाचे बी फार दिवस टिकत नाही, म्हणून ते पडल्यावर काही आठवड्यांतच थेट पेरावे. बाभळीचे बी शेळ्यांच्या वाड्यातून गोळा करावे, कारण शेळीच्या पोटातून आलेले बी लवकर रुजते. बियांचे गोळे फेकण्याचे सोहळे शहरातल्या पाहुण्यांना आवडतात. उघड्या मुरमावर त्यातले फार थोडे जगते. जगलेली रोपे दिवाळीत मोजू नयेत, पुढच्या मृगाआधी मोजावीत.

पैसा कधी आणि कोठून येतो

पहिली तीन वर्षे उत्पन्न म्हणजे मुख्यतः मजुरी आणि गवत. रोजगार हमीतून चर, दगडी बांध, रोपवाटिका ही कामे मागता येतात, पण मजुरी उशिरा येते, आणि ज्याचे पोट हातावर आहे तो वाट पाहू शकत नाही. म्हणून ग्रामकोषात, म्हणजे ग्रामसभेच्या निधीत, दोन-तीन आठवड्यांची उचल देता येईल एवढी शिल्लक आधी जमवावी. चौथ्या-पाचव्या वर्षापासून सीताफळ, बोर, करवंद, मोहफूल, चारोळी, डिंक, मध आणि पळसपानांच्या पत्रावळी यांची रांग लागते.

अमरावती जिल्ह्यातील पायविहीर गावाला २०१२ मध्ये सुमारे १९० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला आणि गावाने उजाड टेकडीवर सीताफळासह झाडे उभी करून फळे मुंबईच्या बाजारापर्यंत पोहोचवली. सीताफळाचा गुण असा की शेळी त्याचा पाला खात नाही. दोष असा की डोळे उघडल्यावर फळ दोन-तीन दिवसांत उतरते. म्हणून तोडणी, प्रतवारी आणि क्रेटमध्ये भरणी एकाच सकाळी झाली पाहिजे, आणि घेणारा तोडणीपूर्वी ठरलेला असला पाहिजे. गावातल्या ज्याने त्याने स्वतंत्र तोडले तर फळे कच्ची उतरतात आणि भाव व्यापाऱ्याच्या हातात जातो. चारोळीची हीच कथा आहे: शेजाऱ्याने आधी नेऊ नये म्हणून हिरवी फळे ओरबाडली जातात आणि फांद्या तोडल्या जातात. तोडणीची एकच तारीख ग्रामसभेने जाहीर करणे आणि तोवर कोणी हात न लावणे, एवढ्याने दाण्याचे वजनही वाढते आणि झाडही वाचते.

कधी उत्पन्न सोडूनही द्यावे लागते. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने तेंदूपानांची तोडणी थांबवली, कारण चांगल्या पानांसाठी झाडे छाटली जात होती आणि जंगलाला आगी लावल्या जात होत्या. गावाने बांबूच्या उत्पन्नावर भर दिला. प्रत्येक गावाला बांबू नसतो, त्यामुळे हा निर्णय सर्वांना परवडेल असे नाही. पण पान तोडायचेच असेल तर बिनआगीचे, आणि दर तीन वर्षांनी एका भागाला विश्रांती देऊन तोडावे.

ग्रामकोषाची वही साधी असावी: कोणत्या दिवशी किती किलो, कोणाला, काय भावाने, आणि पैसे कोणत्या खात्यात. वेचणाऱ्याची मजुरी त्याच आठवड्यात द्यावी; नफ्याचा एक भाग राखणीला, एक दुष्काळाच्या चाऱ्याला आणि उरलेला घरटी समान वाटावा. वाटप जमिनीच्या किंवा जनावरांच्या प्रमाणात केले, तर भूमिहीन कुटुंब दोन वर्षांत काठीची पाळी सोडते.

नोंद आणि पुढचा तुकडा

दरवर्षी मृगाआधी त्याच चौकटी पुन्हा मोजाव्यात, त्याच दगडावर उभे राहून त्याच दिशेची छायाचित्रे घ्यावीत, आणि पायथ्याच्या दोन विहिरींची पातळी दर महिन्याच्या अमावास्येला लिहावी. बहुतेक फुटव्यांचे शेंडे माणसाच्या डोक्यावर, म्हणजे शेळीच्या आवाक्याबाहेर गेले, की तुकडा उघडण्याजोगा झाला असे समजावे. चांगल्या पावसात हे चौथ्या वर्षी होते, वाईट पावसात सहाव्या. उघडताना आधी गुरे सोडावीत, तीही गवत कापून झाल्यावर, आणि शेळ्या आणखी एका पावसाळ्यानंतर. ज्या दिवशी पहिला तुकडा उघडेल त्याच दिवशी दुसरा बंद करण्याचा ठराव वाचला जावा, आणि शेळीवाल्यांची नवी वाट त्याआधीच, फाल्गुनात, चुन्याच्या खुणांनी आखून ठेवावी.